यंत्र कारखान्यांत चालतंय, पण 'हार्डवेअर नको' म्हणून गुंतवणूकदार परत पाठवतात. भांडवल मागायचं कसं?

कंपन

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय.

मी आणि माझा भागीदार, दोघांनी मिळून मोटारी-पंपांच्या बेअरिंगवर लक्ष ठेवणारं एक यंत्र केलंय. काड्यापेटीहून जरा मोठं, तळाशी चुंबक. मोटारीजवळ नेलं की खट्‌कन चिकटतं. दर दहा मिनिटांनी कंपनं आणि तापमान मोजतं. बेअरिंग जायच्या आधी त्यात बारीक, कानाला ऐकू न येणारी थरथर वाढायला लागते. खरखर आवाज आणि मोटार तापणं ही नंतरची गोष्ट. आमचं यंत्र ती आधीची थरथर पकडतं आणि देखभाल करणाऱ्या माणसाच्या फोनवर निरोप जातो.

सध्या ७ कारखान्यांत ३८ यंत्रं लागली आहेत. सगळी आम्ही हाताने जोडलेली, पेट्या थ्री-डी प्रिंटरवर काढलेल्या. ११ महिने झाले. ५ बेअरिंगं मोडायच्या आत पकडली. ४ वेळा उगाच इशारा गेला, तेही सांगतो. ७ पैकी ५ कारखाने दरमहा पैसे देतात, २ अजून फुकट वापरतात.

आता भांडवल हवंय. २३ गुंतवणूकदारांना भेटलो. प्रस्तावात लिहिलंय की ५,००० यंत्रं बनवायला पैसे हवेत. तीनच उत्तरं मिळतात. पहिलं, 'हार्डवेअर अवघड असतं, आम्ही त्यात पडत नाही.' दुसरं, 'यंत्र बाजारातून घ्या, नुसतं सॉफ्टवेअर विका.' तिसरं, 'उद्या कुणी हेच स्वस्तात बनवलं तर?' तिसऱ्यापुढे मी दरवेळी अडखळतो.

घरचे पैसे आणखी पाच महिने पुरतील. पैसे किती मागावेत, कुणाकडे मागावेत, आणि समोरच्याला नक्की काय दाखवलं तर तो 'हो' म्हणेल? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगावं.

ताळेबंद

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. गुंतवणुकीच्या प्रस्तावांची छाननी करणं हेच माझं काम आहे. म्हणून आधी आम्हाला कशाची भीती वाटते ते सांगतो.

सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली तर रात्रीत दुरुस्ती जाते. तुमची चूक प्लास्टिकमध्ये ओतली जाते आणि हजार ठिकाणी भिंतीला लागते. दुसरं, विक्री वाढली की सॉफ्टवेअर कंपनीकडे पैसा येतो, तुमच्याकडून तो आधी बाहेर जातो. तिसरं म्हणजे यंत्र एकदाच विकलं जातं, पण सर्व्हर, सिमकार्ड आणि मदतीचा फोन त्याच्या आयुष्यभर चालू ठेवावा लागतो. रेव्हॉल्व्ह नावाचं घरगुती हब होतं, म्हणजे घरातली जोडलेली यंत्रं एका जागेवरून चालवणारा डबा. गुगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. लोकांनी पैसे मोजून घेतलेला डबा एका दिवसात निकामी झाला. तेव्हापासून मी प्रत्येक प्रस्तावात पाहतो की दरमहा येणाऱ्या पैशातून यंत्राचा चालू खर्च निघतो की नाही. तुमचे ५ कारखाने दरमहा पैसे देतात, ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, आणि तुम्ही ती प्रश्नाच्या मधोमध एका ओळीत लिहिली आहे. प्रस्तावात ती पहिल्या पानावर आणा. सोबत लिहा की यंत्र बनवायला आलेला खर्च किती महिन्यांच्या वर्गणीत वसूल होतो.

आणखी दोन गोष्टी आम्ही हल्ली हमखास विचारतो. यंत्र दहा वर्षं चालेल म्हणता, पण ते ज्या जाळ्यावर बोलतं ते तेवढं टिकेल का? अमेरिकेत एटीअँडटी या फोन कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, तेव्हा त्यावर चालणारे कितीतरी धोक्याचे अलार्म आणि गाड्यांमधली यंत्रं बदलावी लागली. आणि सुरक्षेचं काय? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती यंत्रांना सरसकट एकच किंवा सहज ओळखता येणारा पासवर्ड देता येत नाही. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा मुख्यतः ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतोय, आणि त्यात फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, सुरक्षा-दुरुस्त्या पुरवणं ही बनवणाऱ्याची जबाबदारी आहे. तुमचं यंत्र दुरून अद्ययावत करता येत नसेल तर आजच सांगा. छाननीत ते निघालं तर भरवसा जातो.

'हार्डवेअरमध्ये पडत नाही' म्हणणाऱ्यांच्या मागे लागू नका. ते खरंच पडत नाहीत. त्यांच्या निधीची मुदत आणि घडण वेगळी असते. भेटीच्या आधी बघा की त्यांनी यापूर्वी एक तरी यंत्र बनवणारी कंपनी धरली आहे का. नसेल तर ती भेट टाळा. २३ पैकी किती जणांनी धरली होती?

दुसरीबॅच

कंपन, तुमचा प्रश्न वाचून मला माझा पहिला प्रस्ताव आठवला. त्यातही असाच आकडा होता, 'इतकी यंत्रं बनवायला पैसे हवेत.' मला पैसे मिळाले. मिळायला नको होते, निदान त्या कामासाठी तरी. सविस्तर लिहिते.

आमचं यंत्र शीतगृहांसाठी आहे. आत एक सेन्सर, बाहेर डबा, मध्ये केबल. तापमान चढलं की मालकाला निरोप. आम्हीही असेच ४० नग हाताने जोडले होते, सगळे छान चालले. मग कंपनीतला हिस्सा देऊन भांडवल उभं केलं आणि जवळपास सगळं पहिल्या बॅचमध्ये घातलं. १,२०० नग. पाच महिन्यांत त्यातले १६८ परत आले. म्हणजे १४ टक्के.

पहिला परत आलेला डबा मी स्वतः उघडला. पेटीला वरून काही झालं नव्हतं, रबराची कडी जागेवर होती, झाकणाचे चारही स्क्रू घट्ट. आत मात्र कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी जमलं होतं, तांब्याचा गंज. पाणी आलं कुठून ते दोन दिवस कळेना. शेवटी केबल मधोमध कापली. वरच्या आवरणाच्या आत, तारेच्या धाग्यांमधून एक थेंब सरकत आला आणि माझ्या बोटावर पडला. डबा थंड झाला की आतल्या हवेचा दाब कमी होतो आणि तो बाहेरची हवा ओढून घेतो. आम्ही पेटी इतकी घट्ट बंद केली होती की हवेला यायला एकच वाट उरली होती, केबलच्या आतली. शीतगृहातल्या टोकाला दव पडायचं आणि डबा ते धाग्याधाग्यातून शोषून घ्यायचा. हाताने जोडलेल्या ४० नगांत असं का झालं नाही? त्यांच्या पेट्या तुमच्यासारख्याच प्रिंटरवर काढलेल्या होत्या. त्या सगळीकडून थोड्या थोड्या श्वास घेत होत्या.

उपाय साधा होता. हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडद्याचा एक बारीक तुकडा पेटीला, आणि केबल आत शिरते तिथे रेझिन भरून तारांचे धागे बंद करायचे. प्रत्येक नगामागे खर्च नगण्य. पण हातात पैसे नव्हते. सगळे गोदामात आणि लोकांच्या भिंतींवर अडकले होते. मग मधल्या गरजेसाठी जे भांडवल घ्यावं लागलं ते अशा अटीवर, की कंपनी विकली गेली तर आधी त्यांच्या रकमेच्या दुप्पट त्यांना, मग उरलं तर आम्हाला. चूक १,२०० नगांत सापडली म्हणून ही पाळी आली. २०० नगांत सापडली असती तर तिची किंमत बारकी असती.

म्हणून तुम्हाला मनापासून सांगते, पैसे दोन प्रकारचे असतात, त्यांची सरमिसळ करू नका. जे बुडू शकतं त्याला हिस्सा देऊन आणलेला पैसा लावायचा: डिझाइन टिकतं का, प्रमाणपत्र मिळतं का, गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी थांबतं का. आणि जे ठरलेलं आहे, म्हणजे ऑर्डर हातात आहे, नग तपासून झालाय, फक्त माल बनवून पोचवायचाय, त्याला उधारीचा पैसा. गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम, ऑर्डरच्या तारणावर कर्ज, पुरवठादाराची साठ-नव्वद दिवसांची उधारी, किंवा यंत्रं विकत घेऊन भाड्याने देणारी वित्तकंपनी. हिस्सा हा जगातला सर्वांत महाग पैसा आहे. त्यातून बॅटऱ्या आणि प्लास्टिक विकत घेऊ नये.

हे नुसतं बोलून पटत नाही, म्हणून आमच्या दुसऱ्या बॅचचं कॅलेंडर देते. रेडिओ मॉड्यूलचे, म्हणजे बिनतारी निरोप पाठवणाऱ्या तयार भागाचे, पूर्ण पैसे आगाऊ भरले, तो दिवस शून्य धरा. माल ८४ व्या दिवशी आला. जोडणी आणि तपासणी ११२ व्या दिवशी संपली. कारखान्याला ३० टक्के सुरुवातीला, ७० टक्के माल निघण्याआधी. समुद्रमार्गे ३५ दिवस, म्हणजे १४७. बसवायला दोन आठवडे, १६१. गिऱ्हाइकाची बिल चुकवायची मुदत ६० दिवस. पैसा परत हातात आला २२१ व्या दिवशी. या २२१ दिवसांत सात पगार झाले. आणि विक्री चांगली होत होती म्हणून या बॅचचे पैसे यायच्या आधीच पुढच्या बॅचचे मॉड्यूल मागवावे लागले. यंत्राच्या धंद्यात मागणी कमी पडून कंपनी बंद पडते तशी मागणी वाढूनही पडते. तुमचं असं कॅलेंडर एका पानावर काढा आणि गुंतवणूकदाराने विचारायच्या आधी पुढे ठेवा. मी ते पान ठेवायला लागल्यापासून भेटींचा सूरच बदलला. समोरच्याला कळतं की या बाईला पैसा कुठे अडकतो ते माहीत आहे.

आता तुमचा आकडा. ५,००० नका मागू, ३०० मागा. का ते सांगते. तुमच्या ३८ यंत्रांपैकी एकही बिघडलं नसेल असं धरू. तरी त्यावरून एवढंच म्हणता येतं की बिघाडाचं खरं प्रमाण ८ टक्क्यांच्या आत असावं. साधा आडाखा आहे: एकही बिघाड नसेल तर ३ ला नगांच्या संख्येने भागायचं. ३८ ला जवळपास ८ टक्के, ३०० ला १ टक्का. ८ टक्के परतीवर तुमचा धंदा चालत नाही, १ टक्क्यावर चालतो. म्हणजे ३०० नग बनवणं हे उत्पादन नव्हे, ती परीक्षा आहे, आणि परीक्षेसाठी हिस्सा देणं रास्त आहे. अट एकच, ते ३०० नग पुढच्या ५,००० सारखेच बनलेले हवेत. त्याच पद्धतीचा साचा, तीच जोडणी, तीच तपासणी. घरी टेबलावर जोडलेले ३०० काहीही सिद्ध करत नाहीत.

मागणी अशी लिहा: या पैशात अमुक महिन्यांत अमुक तीन शंका संपतील. आणि त्या संपल्यावर पुढच्या मालासाठी आम्ही हिस्सा विकणार नाही, उधारीवर चालवू, हेही लिहा. ते वाचून चांगला गुंतवणूकदार सावरून बसतो. त्याचा हिस्सा पुढे पातळ होणार नाही, हे त्यातून त्याला दिसतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे, तुम्हाला दिसलेलं नाही. यंत्र कुणीही बनवेल. सेन्सर बाजारात मिळतो, चुंबक मिळतं. पण 'ही थरथर अशी वाढली आणि मग हे बेअरिंग असं मोडलं' ही जोडलेली नोंद सहजासहजी विकत मिळत नाही. तुमच्याकडे अशा ५ आहेत, आणि ४ खोट्या इशाऱ्यांच्या. त्या ४ लपवू नका, त्यांची कारणं शोधा. आणि एक विचारते, ती काढलेली ५ बेअरिंगं जपून ठेवलीत का?

साचा

मी प्लास्टिकच्या साच्यांचं काम बघतो. दुसरीबॅच यांच्या '३०० पुढच्यासारखेच बनवा' यात थोडी भर.

५,००० च्या भरवशावर कडक पोलादाचा साचा आत्ता करू नका. पेटी अजून बदलणार आहे, बदलतेच. ॲल्युमिनियमच्या साच्यातून काही हजार नग आरामात निघतात, लवकर होतो आणि माती होते तीही कमी पैशांची. सिलिकॉनच्या साच्यातून ओतीव नग काढणारे भेटतील, पण एका साच्यातून वीस-पंचवीसच नीट निघतात, आणि मुख्य म्हणजे तो खरा मालमसाला नसतो. दिसायला आणि भाग जुळतात का ते बघायला ठीक, परीक्षेला नाही.

साचा करताना पहिल्या दिवशी एक गोष्ट ठरवा. जिथे बदल होण्याची शक्यता आहे तिथे धातू जास्त सोडायचा. साच्यातून धातू काढता येतो, परत घालणं महाग आणि कुरूप. पेटीच्या आत खिट्टी ढिली ठेवा, मग साच्यात थोडं थोडं कोरून घट्ट करत जाता येतं. चुंबकाच्या खोबणीबद्दल तर विशेष. तिथे भिंत जाड आहे ना? जाड भागात प्लास्टिक उशिरा थंड होतं आणि वरून खळगा पडतो. तळ सपाट राहिला नाही तर तुमचं यंत्र मोटारीवर डुगडुगेल आणि ते डुगडुगणंच मोजत बसेल.

रेडिओचं म्हणाल तर आधीच प्रमाणित असलेलं मॉड्यूल वापरा. पूर्ण यंत्राची चाचणी तरी करावी लागतेच, पण काम पुष्कळ हलकं होतं. अँटेनाची जागा आणि जात बदलली की त्या प्रमाणपत्राचा फायदा जातो, एवढं लक्षात असू द्या. लिथियमची बॅटरी असेल तर वाहतुकीसाठी यूएन ३८.३ या सुरक्षा-चाचणीचा अहवाल बॅटरीवाल्याकडून आधी मागा, माल बंदरावर अडकल्यावर नव्हे.

पहिलीओळ

एवढं सगळं करण्यापेक्षा लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पूर्वनोंदणी का घेत नाही? पेबल या स्मार्ट घड्याळाच्या कंपनीने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर एक कोटी डॉलरच्या वर जमवले, कुणाला हिस्सा न देता. ऑक्युलस हा आभासी जग दाखवणारा चष्मा त्याच वर्षी तिथूनच सुरू झाला आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरला घेतली.

ताळेबंद

पहिलीओळ, दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण पुढचंही वाचा. पेबलची घड्याळं सप्टेंबर २०१२ ला द्यायची होती, ती जानेवारी २०१३ पासून निघाली. २०१६ च्या शेवटी कंपनी बंद झाली आणि तिचा बराचसा भाग फिटबिट या दुसऱ्या कंपनीकडे गेला. पूर्वनोंदणीचा पैसा हे भांडवल नव्हे, ते देणं आहे. लिली नावाच्या उडत्या कॅमेऱ्याने ३ कोटी ४० लाख डॉलरच्या नोंदण्या घेतल्या आणि एकही नग न पाठवता जानेवारी २०१७ मध्ये दुकान बंद केलं. झानो ड्रोनला किकस्टार्टरवर २३ लाख पौंड मिळाले होते, २०१५ मध्ये तीही कंपनी बुडाली. या दोन्हींत मागणीला तोटा नव्हता. डिझाइन पक्कं होण्याआधी किंमत आणि तारीख कबूल केली गेली.

शिवाय कंपन यांचं गिऱ्हाईक कारखान्यातला देखभाल प्रमुख आहे. तो असल्या संकेतस्थळावर खरेदी करत नाही, त्याची खरेदी ऑर्डरवर होते. त्यांच्यासाठी पूर्वनोंदणीची जागा सहीच्या पत्राने घ्यावी: '३०० नगांची परीक्षा अमुक निकषावर पास झाली तर आम्ही अमुक यंत्रं घेऊ, पाव रक्कम आगाऊ देऊ.' अशी चार पत्रं माझ्या टेबलावर आली तर मी बाजारपेठेच्या आकाराचं पान उघडतही नाही.

कंपन

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघं दोन वाजेपर्यंत हेच वाचत बसलो होतो.

ताळेबंद, मोजलं. २३ पैकी फक्त ४ जणांनी कधीकाळी यंत्राच्या कंपनीत पैसे घातले होते. आणि त्या चौघांनीच एकापेक्षा जास्त प्रश्न विचारले होते. हे तेव्हा लक्षातच आलं नाही. फर्मवेअर दुरून बदलता येतं, पण आलेला बदल आमचाच आहे का हे यंत्र डिजिटल सही तपासून बघत नाही. म्हणजे कुणीही काहीही घालू शकेल. ते काम आज हातात घेतलं.

दुसरीबॅच ताई, तुमचं कॅलेंडर बघून आमचं काढलं. आमच्या एका चिपची मुदत १६ आठवडे आहे. एकूण २०४ दिवस निघाले. आमच्या प्रस्तावात आम्ही सहा आठवड्यांत पैसे परत येतील असं धरलं होतं. ३०० नगांचा हिशेबही केला. मागायची रक्कम आधीच्या चौथ्या हिश्शाच्या आत आली.

तीन शंका अशा लिहिल्यात. एक, साच्यातले ३०० नग सहा महिने तेल, धूळ आणि उष्णतेत टिकतात का. दोन, फुकट वापरणारे २ कारखाने पैसे द्यायला लागतात का, नाहीतर का नाही. तीन, खोटे इशारे निम्म्यावर येतात का. ४ पैकी ३ एकाच मोटारीवरचे निघाले. शेजारचा कॉम्प्रेसर सुरू झाला की जमीन हादरते आणि आमच्या यंत्राला वाटतं की बेअरिंगच थरथरतंय.

बेअरिंगांचं मात्र वाईट वाटतं. ५ पैकी ३ आहेत, भागीदाराने टेबलाच्या खणात ठेवली होती. २ भंगारात गेली. कधी विचारच केला नाही की ती कामाची आहेत. कारखान्यांनी आणखी बेअरिंगं काढली तर ती आम्हाला द्यावीत असं सातही ठिकाणी आज कळवलंय.

एक शंका उरली. परीक्षेत नग बिघडले तर गुंतवणूकदाराला सांगायचं कधी? निकाल पूर्ण हातात आल्यावर, की लगेच?

दुसरीबॅच

लगेच. त्याच आठवड्यात. आणि यंत्र सोबत घेऊन.

दुसऱ्यांदा भांडवल उभं करताना मी परत आलेले तीन डबे पिशवीत घालून नेले होते. झाकणं काढून टेबलावर मांडले. शेजारी कापलेली केबल, आणि एक कागद: दुरुस्तीआधी १,२०० पैकी १६८, दुरुस्तीनंतर तेवढ्याच काळात ३०० पैकी १. समोरच्या बाईंनी केबल हातात घेतली, धागे नखाने वेगळे केले आणि विचारलं, 'हे तुम्हाला कुणी सांगितलं?' मी म्हटलं, कुणी नाही, मीच कापली. पुढचा तासभर आम्ही पाण्याबद्दल बोललो, कंपनीच्या मूल्यांकनाचा विषय शेवटच्या दहा मिनिटांत निघाला. पैसे त्यांनीच दिले, आणि 'आधी दुप्पट आम्हाला' वाली अट त्यांच्या कागदात नव्हती.

कॉम्प्रेसरची गोष्ट तुमच्यासाठी फार मोलाची आहे. एक यंत्र मोटारीवर, दुसरं तिच्याच खालच्या पायावर लावा. दोन्हीकडे एकाच वेळी थरथर आली तर ती जमिनीची, फक्त वर आली तर बेअरिंगची. हे तुमच्याजवळच्या ३८ मधल्याच दोन यंत्रांवर करता येईल, भांडवलाची वाट बघायला नको. पंधरा दिवसांची नोंद घ्या आणि त्या चार गुंतवणूकदारांपैकी जो सर्वांत जास्त प्रश्न विचारत होता त्याला आधी पाठवा.

आणि ती ३ बेअरिंगं. बाहेरची कडी कापून उघडा, आतल्या धावेवर जिथे पापुद्रा निघालाय त्याचा जवळून फोटो घ्या. त्याच फोटोखाली त्याच बेअरिंगची थरथर कशी चढत गेली तो आलेख, तारखांसकट. तीन पानं होतील. तेल पुसू नका. प्रत्येक बेअरिंग वेगळ्या पिशवीत ठेवा आणि मोटारीचा क्रमांक पिशवीवर लिहा, कागद आत घालू नका, तेलाने शाई जाते. आमच्या पहिल्या ४० केबलींच्या चिठ्ठ्या अशाच गेल्या.